अठराव्या वर्षानंतरही रंगमंच हवा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

3 डिसेंबर, म्हणजे आंतरराष्ट्रीय दिव्यांग दिन जवळ आला की शहरात ठिकठिकाणी बौद्धिक दिव्यांगांची नाच-गाणी आणि छोटी नाटुकली बसवली जातात. महिनाभर घाईघाईने तालमी होतात, एका दुपारी कार्यक्रम होतो, सत्कार होतात आणि पुढच्या नोव्हेंबरपर्यंत सारे सामसूम. शाळकरी वयातल्या मुलांसाठी निदान राज्याच्या सांस्कृतिक कार्य संचालनालयाची दिव्यांग बालनाट्य स्पर्धा तरी आहे. वयाची अठरा पूर्ण झाली, विशेष शाळेचा दाखला हातात पडला, की तीही संपते. पुढे जागा मिळालीच तर कार्यशाळा: पणत्या रंगवणे, कागदी पिशव्या, फाइली, फिनेल. नाही मिळाली तर घर आणि टीव्ही. पंचवीस, पस्तीस, पन्नास वर्षांच्या या माणसांसाठी दर आठवड्याला आणि बारा महिने चालणारा नाट्यवर्ग नाशिकमध्ये असायला हवा. तो चालतो कसा, कुठे बिघडतो आणि त्यासाठी काय लागते, हे नीट मांडावे म्हणून हे पत्र.

नाशिक हे शिरवाडकर-कानेटकरांचे गाव. कालिदास कलामंदिर आहे, साईखेडकर नाट्यगृह आहे, राज्य नाट्य स्पर्धेसाठी नोकऱ्या सांभाळून रात्री उशिरापर्यंत तालमी करणारी हौशी मंडळी आहेत. याच गावात रजनीताई लिमये यांनी 1977 मध्ये मतिमंद मुलांसाठी प्रबोधिनीचे काम उभे केले. म्हणजे रंगभूमी आणि विशेष शिक्षण ही दोन्ही कामे इथे जुनी आहेत, मुरलेली आहेत. ती एका खोलीत आणायचे काम मात्र बाकी आहे.

हा दयेचा विषय नाही, हे आधी सांगायला हवे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 मधल्या कलम 29 नुसार दिव्यांगांना इतरांच्या बरोबरीने सांस्कृतिक जीवन जगता यावे, करमणुकीत भाग घेता यावा यासाठी पावले उचलणे ही शासनाची आणि स्थानिक संस्थांची जबाबदारी आहे. त्यात वयाची अट नाही. महापालिकेच्या अंदाजपत्रकात दिव्यांगांसाठी 5 टक्के निधी राखून ठेवावा लागतो. साहित्यवाटप आणि अर्थसाहाय्य यांच्या जोडीने त्यातला छोटासा वाटा इकडे वळवता येईल. नाट्यवर्गाच्या साहित्याला फार पैसे लागतातच कुठे? सतरंज्या, एक डफ, दोन खंजिऱ्या, रंगीत सुती कापडाचे दहा-बारा तुकडे, टोप्या-पगड्या-छत्र्यांची एक टोपली, जमिनीवर लावायची कापडी चिकटपट्टी आणि चित्रांची कार्डे. खरा खर्च प्रशिक्षित माणसांच्या मानधनाचा आणि येण्याजाण्याचा.

सुरू करणाऱ्याने पहिल्याच दिवशी ठरवायची गोष्ट म्हणजे आपण नेमके काय करतो आहोत. नाट्योपचार, नाट्यप्रशिक्षण आणि नाटकाच्या रूपाने व्यवहारज्ञान या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. नाट्योपचाराचा गट बंद असतो. त्याला प्रेक्षक नसतात, प्रत्येकासाठी ठरवलेले उद्दिष्ट असते, खोलीत जे बोलले गेले ते खोलीतच राहते आणि तो चालवणारी व्यक्ती मानसोपचाराच्या शिस्तीत शिकलेली असते. ब्रिटनमध्ये 'ड्रामाथेरपिस्ट' ही उपाधी कायद्याने संरक्षित आहे, नोंदणीशिवाय ती लावता येत नाही. आपल्याकडे भारतीय पुनर्वास परिषदेच्या व्यावसायिकांच्या यादीत हा वर्गच नाही, त्यामुळे दोन दिवसांचे शिबिर करून कुणीही पाटी लावू शकतो. पालकांनी शिक्षण, अनुभव आणि देखरेख कुणाची आहे हे विचारल्याशिवाय 'थेरपी' या शब्दाला पैसे देऊ नयेत. नाट्यप्रशिक्षण ही कला आहे. तिथे तालीम, प्रयोग, प्रेक्षक सारे आले. तिसरा प्रकार म्हणजे बसचे तिकीट काढणे, दवाखान्यात दुखणे सांगणे, नको असलेल्या स्पर्शाला नाही म्हणणे यांचा सराव. तिन्ही उपयोगी आहेत. घोटाळा होतो तो सरमिसळीने. आई गेल्याचे दुःख एखाद्याने खोलीत अभिनयातून दाखवले आणि दिग्दर्शकाला तो प्रसंग 'ताकदीचा' वाटला म्हणून तो प्रयोगात घातला, तर त्या माणसाला तेच दुःख दर तालमीत पुन्हा भोगावे लागते. असा प्रसंग रंगमंचावर आणू नये. साधे प्रशिक्षण देणाऱ्यांनी आपल्या वर्गाला उपचार म्हणू नये, आणि नाटकाने बुद्ध्यांक वाढेल असे तर कुणीच सांगू नये. वाढतो तो पुढाकार. वाट पाहण्याची तयारी, आवाजाची पट्टी, दुसऱ्याकडे पाहून बोलणे, आपले मत मांडणे यात फरक पडतो, आणि तोही सहा आठवड्यांत डोळ्यांत भरेलच असे नाही.

गट आठ ते दहा जणांचा असावा. चालवणारे दोघे: एक रंगकर्मी, एक विशेष शिक्षक. शिवाय तीन-चार जणांमागे एक मदतनीस, आणि ज्याला जास्त आधार लागतो त्याच्यासाठी स्वतंत्र एक. पंधरा-वीस जणांचा गट केला की बोलके तिघे-चौघे पुढे येतात आणि बाकीचे भिंतीला टेकतात. वेळ साठ ते पंचाहत्तर मिनिटे, आठवड्यातून एकदा, वार आणि तास ठरलेला. सकाळी साडेदहाची वेळ उत्तम, कारण फिट्सच्या किंवा वर्तनासाठीच्या औषधांमुळे अनेकांना दुपारी जेवणानंतर झापड येते. जागा बदलू नये. दर आठवड्याला वेगळा हॉल मिळाला तर निम्मा तास त्या हॉलची ओळख करून घेण्यातच जातो.

खोली साधारण वीस बाय पंचवीस फुटांची पुरते. लग्नाचा मोठा हॉल फुकट मिळाला तरी घेऊ नये. फरशी आणि उघड्या भिंती यांमुळे आवाज घुमतो, आणि आवाजाला हळवी असणारी स्वमग्न व्यक्ती कानावर हात ठेवून दारात उभी राहते. सतरंज्या पसराव्यात, जाड पडदे लावावेत, खडखडणारा पंखा आधीच दुरुस्त करून घ्यावा. जमिनीवर चिकटपट्टीने दहा-बारा फूट व्यासाचे वर्तुळ आखावे म्हणजे कुठे बसायचे हे सांगावे लागत नाही. गुडघे धरलेल्यांसाठी आणि वजन जास्त असलेल्यांसाठी खुर्च्या हव्यात. हलक्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या मागे झुकतात, त्या टाळाव्यात. दाराजवळ एक खुर्ची कायम रिकामी ठेवावी. ज्याला थांबायचे आहे त्याने तिथे जाऊन बसायचे, कुणी ओढून आणायचे नाही. ही खुर्ची असली की बहुतेक जण थोड्या वेळाने आपणहून परत येतात. ती नसली की माणूस खोलीबाहेर पळतो. जागा बसच्या वाटेवर असावी. सीबीएस, शालिमार किंवा निमाणीपासून चालत जाता येईल अशी. सातपूर, सिडको, पंचवटी, नाशिकरोड, देवळाली इथून येणाऱ्या वयस्क आईवडिलांना दोन बस बदलाव्या लागल्या की तिसऱ्या आठवड्यापासून गैरहजेरी सुरू होते.

तासाचा आराखडा दर वेळी सारखा असावा. भिंतीवर पाच कार्डे: नमस्कार, अंग मोकळे करणे, खेळ, सोंग उतरवणे, निरोप. कार्डावर रेखाचित्रापेक्षा त्याच गटाचा, त्याच खोलीतला फोटो चांगला समजतो. एक टप्पा झाला की ते कार्ड कुणीतरी उलटे करायचे. सुरुवात त्याच डफाच्या त्याच ठेक्याने आणि प्रत्येकाच्या नावाने करावी. जो बोलत नाही त्याने आपल्या नावावर डफाला थाप द्यावी. शरीर आणि आवाज मोकळे करायला दहा मिनिटे, मुख्य कामाला वीस-पंचवीस. मध्ये पस्तिसाव्या मिनिटाच्या आसपास पाणी आणि स्वच्छतागृह. हे आधी सांगितले नाही तर दोघे-तिघे अस्वस्थ होतात आणि त्याला 'हट्ट' म्हटले जाते.

सोंग उतरवण्याची पाच-सात मिनिटे मात्र कुठल्याही परिस्थितीत गाळू नयेत. उशीर झाला की नेमके हेच गाळले जाते. हवालदार झालेल्याने टोपी काढून टोपलीत टाकायची, हात झटकायचे, आपले खरे नाव मोठ्याने सांगायचे, आणि समोरच्याने त्याला त्या नावाने हाक मारायची. हे राहिले तर हवालदार घरी जातो आणि धाकट्या भावाला दरडावतो. हरवलेल्या मुलाचे सोंग घेतलेली बाई बसमध्ये रडू लागते. घरच्यांना कारण कळत नाही आणि पुढच्या आठवड्यात ते पाठवत नाहीत. खेळ आणि खरे यांतली सीमा ज्यांच्यासाठी पुसट असू शकते, त्यांना ती हातांनी, टोपलीने, नावाने दाखवावी लागते.

बोलण्याची रीत शिकवणाऱ्यांनी मुद्दाम घडवावी लागते. एका वेळी एकच सूचना, पाच-सात शब्दांची. मग मनात दहापर्यंत मोजत गप्प राहायचे. उत्तर तयार व्हायला वेळ लागतो, आणि आपण तिसऱ्या सेकंदाला तेच वाक्य वेगळ्या शब्दांत पुन्हा म्हटले की समोरचा पहिल्यापासून सुरू करतो. 'समजलं का?' असे विचारण्यात अर्थ नाही. आयुष्यभर होकाराचे कौतुक झालेली माणसे होच म्हणतात. 'करून दाखवा' म्हणावे. पर्याय दोनच द्यावेत, तेही वस्तू हातात धरून: छत्री की काठी? अनेक जण शेवटी ऐकलेला पर्याय उचलतात, म्हणून क्रम उलटा करून पुन्हा विचारावे. दोन्ही वेळा छत्रीच आली तर ती खरी निवड. न बोलणाऱ्यांसाठी आयआयटी मुंबईत तयार झालेले 'जेलो' हे चित्रांवर आधारित मोफत अ‍ॅप मराठीतही चालते. तेही नको असेल तर संवाद मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून छोट्या स्पीकरला जोडावा. बटण दाबण्याची नेमकी वेळ साधणे हाही अभिनय आहे.

आता नाटकाविषयी. छापील एकांकिका आणून पाठ करून घेणे ही सर्वांत जास्त दिसणारी चूक. पाठांतराच्या ओझ्याखाली अभिनय मरतो, आणि मग बोलक्यांना संवाद व उरलेल्यांना झाडे-ससे अशी वाटणी होते. चाळीस वर्षांच्या माणसाला सशाचे कान लावणे थांबले पाहिजे. त्याच्याकडे प्रौढ माणसाचे विषय असतात: पगार, लग्न, बहिणीचे सासर, चहाची टपरी, रांगेत उभे राहणे, कुंभमेळ्याची गर्दी, कुणीतरी आपले ऐकून न घेणे. गटाला एखादी वस्तू द्यावी, काय होते ते बघावे, चांगले क्षण टिपून ठेवावेत आणि त्यांचे फोटो दोरीवर क्रमाने टांगावेत. तीच संहिता. सहा ते आठ प्रवेश, प्रत्येकी दोन-तीन मिनिटांचे, सगळे मिळून वीस-पंचवीस मिनिटे. याहून लांबवू नये.

आपल्या लोकपरंपरेत यासाठी तयार साचे पडलेले आहेत. सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वरकडच्या आदिवासी पाड्यांवर बोहाडा होतो. त्यात मुखवटा लावलेले एकेक सोंग संबळाच्या तालावर येते, नाचते आणि जाते. प्रत्येक सोंगाचा प्रवेश स्वतंत्र, प्रत्येकाची चाल ठरलेली, संवादावर फारसे काही अवलंबून नाही. एकाचा प्रवेश चुकला तरी दुसऱ्याचा कोसळत नाही. बोहाड्याच्या धार्मिक विधीची नक्कल करण्याचे कारण नाही, पण ही रचना या गटांना जशी बसते तशी पाश्चात्त्य बांधणीची एकांकिका बसत नाही. सोंगी भारुडाचेही तसेच. मागचे टाळकरी धृपद उचलून धरतात, त्यामुळे मुख्य सोंगाला शब्द सुचला नाही तरी गाणे थांबत नाही आणि कुणाला कळतही नाही. मुखवटे वापरायचे तर कागदी, हलके, डोळ्यांची भोके मोठी आणि काठीला लावून हातात धरायचे. पूर्ण चेहरा झाकणाऱ्या मुखवट्यात काहींना श्वास कोंडल्यासारखे होते, घाबरून ते तो फाडून काढतात. रबरी पट्टी श्रवणयंत्राला घासते आणि यंत्र शिटी मारू लागते.

तालीम शेवटाकडून सुरू करावी. शेवटचा प्रवेश आधी पक्का, मग त्याच्या आधीचा, मग त्याच्या आधीचा. म्हणजे दर तालमीत माणूस अनोळखीकडून ओळखीच्याकडे जातो आणि प्रयोगात दमलेला असताना शेवट तरी हातचा असतो. पहिल्यापासून बसवत गेले तर उलटे होते, सुरुवात झकास आणि शेवट ढासळलेला. खूण शब्दाची ठेवण्यापेक्षा वस्तूची किंवा आवाजाची ठेवावी: घंटा वाजली की छत्री उघडायची. विंगेतून सूचकाने ओरडून संवाद सांगू नये. नट अभिनय सोडून विंगेकडे वळतो आणि त्यालाच उत्तर देतो. त्याऐवजी एक साथीदार भूमिकेतच रंगमंचावर असावा, चहावाला म्हणून, हमाल म्हणून. त्याने आधी हाताला धरून, मग बोटाने, मग नुसत्या नजरेने सुचवावे आणि हळूहळू तेही काढून घ्यावे. मदत काढून घ्यायची आठवण ठेवली नाही तर नट कायमचा साथीदाराकडे बघत राहतो. निदान बारा आठवडे नियमित वर्ग झाल्याशिवाय प्रयोगाची तारीख ठरवू नये. महिनाभरात बसवलेला कार्यक्रम नट घडवत नाही. तो नट थकवतो.

नाट्यगृहात जायचे तर प्रत्यक्ष रंगमंचावर किमान दोन तालमी हव्यात, एक नुसती ओळखीची आणि एक पूर्ण प्रकाश-ध्वनीसह. लुकलुकणारे दिवे पूर्ण बंद ठेवावेत, गटात अपस्माराचे रुग्ण असतात. ब्लॅकआऊट अचानक करू नये, प्रकाश आठ-दहा सेकंदांत उतरवावा आणि विंगेत मंद निळा दिवा ठेवावा. अनेकांना उंची-खोलीचा अंदाज नीट येत नाही, म्हणून रंगमंचाच्या कडेपासून तीन फूट आत जाड पांढरी पट्टी लावावी आणि पायऱ्यांच्या कडांवरही. तीन फूट उंचीच्या रंगमंचाला 1:12 उताराचा रॅम्प करायचा तर छत्तीस फूट लांबी लागते. ती जागा बहुतेक ठिकाणी नसते, तेव्हा चाकाची खुर्ची उचलून वर चढवण्याऐवजी सरळ जमिनीवर, प्रेक्षकांच्या पातळीवर प्रयोग करावा. कॉलर माइक टोचतो, लोंबणारे माइक बरे. माइकची किंचाळी एकदा झाली की पुढचा प्रवेश गेलाच समजा. टाळ्यांचाही सराव लागतो: ध्वनिमुद्रित टाळ्या आधी हळू, मग दर आठवड्याला थोड्या मोठ्याने. हळवे कान असतील तर प्रेक्षकांना दोन्ही हात वर करून हलवायला सांगावे. कपडे स्वतःचेच, त्यावर भूमिकेची एकच वस्तू. नवा पोशाख दोन आठवडे आधी धुऊन मऊ करून, मागचे लेबल कापून घालायला द्यावा. रंगभूषा करायचीच तर आदल्या दिवशी मनगटावर लावून बघावी.

आणि एक विनंती कार्यक्रम करणाऱ्या सर्वांना: प्रयोग आधी, भाषणे नंतर. पाहुणे उशिरा येतात, दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, मनोगते यांत दीड तास जातो, आणि रंगभूषा करून विंगेत बसलेले नट भुकेले, घामेजलेले, औषधाची वेळ टळलेले असतात. मग कुणीतरी रडते किंवा रंगमंचावर यायचे नाकारते आणि प्रेक्षक म्हणतात, 'बिचाऱ्यांना जमत नाही.' वेळेवर पडदा उघडला असता तर त्याच माणसाने उत्तम काम केले असते.

प्रकृतीच्या बाबतीत चालवणाऱ्यांनी प्रत्येकाचे एक कार्ड भरून घ्यावे: निदान, औषधे आणि त्यांच्या वेळा, फिट्स येतात का, गिळायला त्रास आहे का, कशाने बिथरतो, कशाने शांत होतो, कुणाला फोन करायचा. डाऊन सिंड्रोम असलेल्या काहींच्या मानेच्या वरच्या दोन मणक्यांमधला सांधा सैल असतो. त्यांच्याकडून कोलांटी, शीर्षासन किंवा मान झटकण्याचे व्यायाम डॉक्टरांना विचारल्याशिवाय करून घेऊ नयेत. चालण्यात अचानक बदल, मानदुखी, हातात बधिरपणा अशी लक्षणे दिसली तर सराव थांबवून लगेच तपासणी. फिट आली तर घड्याळ बघावे, डोक्याखाली मऊ कापड ठेवावे, कुशीवर वळवावे, तोंडात काहीही घालू नये. कांदा, चप्पल हुंगवणे हा प्रकार बंद. पाच मिनिटांत थांबली नाही किंवा लागोपाठ दुसरी आली तर 108.

संमतीचा मुद्दा पालकांना कधी कधी रुचत नाही, पण तो टाळता येत नाही. अठरा वर्षांवरील ज्यांना गरज आहे अशांसाठी राष्ट्रीय न्यास कायदा 1999 नुसार जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक समिती कायदेशीर पालक नेमते. तसा पालक असला तरी नाटकात यायचे की नाही हे त्या व्यक्तीलाच विचारायला हवे, चित्रांच्या सोप्या कागदाने आणि दर टप्प्यावर पुन्हा. फोटो-व्हिडिओची संमती वेगळी घ्यावी. पालकांनी वर्गात बसू नये. आई खोलीत असली की प्रश्नाचे उत्तर आईच देते, आणि पस्तीस वर्षांचा मुलगा तिच्याकडे बघत राहतो. त्यांच्यासाठी शेजारच्या खोलीत चहा ठेवावा. त्यांनाही त्या एका तासाची गरज असते.

नको असलेल्या स्पर्शाविषयीचे प्रसंग करताना सहभागी व्यक्तीला पीडिताच्या जागी उभे करू नये, आणि मदतनिसाने गुन्हेगाराची भूमिका घेऊन तिला स्पर्श करणे तर अजिबात नको. बाहुली किंवा चित्रातली काल्पनिक व्यक्ती घ्यावी: 'ही बाई आता काय म्हणेल?' अशा वेळी कुणी खरेच काही सांगू लागले तर ऐकावे, उलटतपासणी करू नये, तिचे शब्द जसेच्या तसे लिहून ठेवावेत. छळाची माहिती कार्यकारी दंडाधिकाऱ्यांना कळवण्याची तरतूद दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम 7 मध्ये आहे. हे आधी ठाऊक नसलेला चालवणारा घाबरून विषय बदलतो, आणि ती व्यक्ती पुन्हा कधी बोलत नाही.

हे सारे करून किती मजल मारता येते, हे पाहायला बाहेर उदाहरणे आहेत. ऑस्ट्रेलियातल्या जिलॉन्ग शहरात 1987 मध्ये सुरू झालेली 'बॅक टू बॅक थिएटर' ही संस्था बौद्धिक दिव्यांग नटांची व्यावसायिक मंडळी आहे. 2022 मध्ये तिला आंतरराष्ट्रीय इब्सेन पुरस्कार मिळाला. स्वित्झर्लंडमधल्या झुरिकची 'थिएटर होरा' 1993 पासून काम करते. हे नट मानधन घेऊन काम करतात, आणि त्यांच्या नाटकांवर नाटक म्हणून टीका होते, कौतुकही नाटक म्हणूनच होते.

आपल्याला तिथवर पोहोचायला वेळ लागेल, पण सुरुवात या वर्षी करता येईल. महापालिकेने दिव्यांग निधीतून एका वर्षासाठी दोन गटांचे मानधन, साहित्य आणि प्रवासखर्च मंजूर करावा. जी नाट्यगृहे आणि सभागृहे आठवड्यात एखाद्या सकाळी रिकामी असतात, त्यांनी तालमीची खोली नाममात्र दरात आणि वर्षभरासाठी ठरलेल्या वारी द्यावी, अधूनमधून रद्द होणारी नको. सांस्कृतिक कार्य संचालनालयाने दिव्यांग बालनाट्य स्पर्धेला प्रौढांचा विभाग जोडावा आणि त्यात क्रमांकांपेक्षा प्रयोगाच्या संख्येला अनुदान द्यावे. स्पर्धेच्या एका प्रयोगासाठी वर्षभर राबून पुन्हा पडदा पडणे हे बालनाट्यात झाले आहे, ते प्रौढांच्या बाबतीत नको. कार्यशाळा चालवणाऱ्या संस्थांनी नाट्यवर्गाचा तास कामाच्या वेळेत धरावा. उत्पादन बुडते या भीतीने तो सुट्टीच्या दिवशी ठेवला की कुणी येत नाही. आणि नोंद ठेवावी, दर व्यक्तीमागे एक पान: आपणहून आला का, न सांगता किती वेळा पुढाकार घेतला, आपली पाळी येईपर्यंत थांबला का, नको ते नाकारले का. सहा आठवड्यांनी पाने शेजारी ठेवून बघावीत. नकार वाढलेला दिसला तर तो अपयशात मोजू नये.

आपल्या वृत्तपत्राकडे एकच मागणे आहे. अशा प्रयोगाची बातमी शहराच्या पानावर सत्काराच्या फोटोसह देण्याऐवजी नाट्यसमीक्षकाला पाठवावे. त्याला जे आवडले नाही तेही छापावे.

हौशी रंगकर्मींपैकी ज्यांना वर्षभर आठवड्याची एक सकाळ देता येईल, त्यांनी जवळच्या कार्यशाळेत जाऊन विचारावे. पहिल्या सहा तासिका काहीही न शिकवता नुसते वर्तुळात बसावे, नावे पाठ करावीत, कोण कशाला हसतो आणि कोण कशाला दचकतो ते लक्षात घ्यावे. एक सकाळ महिन्यातून देणाऱ्यांनी वर्ग चालवण्याऐवजी टोपल्या, मुखवटे आणि येण्याजाण्याची सोबत यांत मदत करावी, तीही कमीच पडते.

आपले विश्वासू,
बौद्धिक दिव्यांग प्रौढांसोबत काम करणारे काही विशेष शिक्षक व रंगकर्मी, नाशिक